चाळीस दसऱ्यांचं कुंकू

भोरच्या एसटी स्टँडावर उतरून "बंदूकवाले मिस्त्री कुठं बसतात" असं कुणाला विचारलं, तर सांगणारा आधी तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून घेतो आणि मगच बोट दाखवतो. दुकान काही डोळे दिपवणारं नाही. दहा बाय बाराची खोली. पुढं काचेच्या कपाटात घड्याळं, चष्म्याच्या दांड्या, कुलपं, स्टोव्हचे बर्नर. मधे एक निळा पडदा, आणि पडद्यामागं अल्लाउद्दीन मिस्त्रींचं खरं राज्य. तिथं लाकडी बाक, बाकाला वस्तू घट्ट धरणारी लोखंडी पक्कड, आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेला बंदूकदुरुस्तीचा परवाना. आधी तो मिस्त्रींच्या वडलांच्या, हाशिम मिस्त्रींच्या नावावर होता. ते गेल्यावर अल्लाउद्दीनच्या नावावर झाला. मिस्त्री रोज सकाळी ती काच फडक्यानं पुसतात. स्वतःच्या चष्म्याची काच मात्र त्यांची बायको बानो पुसते, कारण ती पुसायची असते हे त्यांच्या गावीच नसतं.

पडद्याच्या अलीकडं त्यांची एकुलती एक मुलगी सानिया बसते. वय सव्वीस. आयटीआयमधून शिकून आली, घड्याळं आणि चष्मे तिनं आपणहून अंगावर घेतले. गिऱ्हाईक पायरीवर पाय ठेवतानाच विचारतं, "मिस्त्री हायत का?" आणि सानिया मान वर न करता सांगते, "आत हायत." घड्याळ घेऊन आलेला माणूससुद्धा असंच विचारतो. मग ती हात पुढं करून म्हणते, "द्या की, घड्याळ मीच बघती." माणूस घड्याळ देतो खरा, पण पडद्याकडं बघत देतो. असं किती वर्षं चाललं होतं, ते मोजण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षी सानियानं पुण्याहून एक यंत्र आणलं. पोळ्यांच्या डब्याएवढी स्टीलची टाकी, तिला झाकण, आत जाळीची टोपली आणि पुढं दोन बटणं. टाकीत पाणी घालायचं, चार थेंब औषध घालायचं, वस्तू जाळीत ठेवायची आणि बटण दाबायचं. मग त्यातून जो किर्रर्र आवाज निघतो, त्यावरून आळीनं त्याचं नाव 'रातकिड्याचा डबा' ठेवलं. खोक्यावर लिहिलेलं अल्ट्रासॉनिक क्लीनर हे नाव कुणाच्या जिभेला वळलं नाही.

"ह्यात हाय तरी काय?" मिस्त्रींनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"आवाज हाय, अब्बा. आपल्याला ऐकू येत न्हाई इतका बारीक आवाज पाण्यात सोडायचा. त्यानं पाण्यात बारीक बुडबुडे होतात आन फुटतात. फुटताना मळ उपटून काढतात. ब्रशचा केस जिथं जात न्हाई, तिथं पाणी जातंच की."

"आवाजानं मळ निघतो?" मिस्त्री म्हणाले. "मग तुझ्या आईच्या आवाजानं माझा कवाच निघायला पायजे व्हता."

आतून बानोनं तवा आपटला. मिस्त्रींनी हसू मिशीत दाबलं, पण तिथल्या तिथं हुकूमही सोडला. घड्याळं धू, चष्मे धू, पैंजण धू. बंदुकीच्या भागाला ह्या डब्याचं पाणी लागता कामा नये. बंदूक म्हणजे खरकटी भांडी नव्हेत. सानियानं तीनदा विषय काढला आणि तीनदा तेच उत्तर मिळालं. चौथ्यांदा तिनं काढला नाही. ती बापाचीच लेक होती. मागायचं म्हटलं की तिचीही मान ताठ व्हायची.

डब्यानं मात्र वर्षभरात नाव काढलं. बँडवाल्याच्या क्लॅरिनेटच्या चाव्या त्यातून अशा लखलखीत निघाल्या, की तो पहिल्याच वरातीत त्या सगळ्यांना दाखवत सुटला. उत्रोलीच्या एका आजोबांनी तर कवळी आणून दिली, आणि सानियानं नाक मुरडत का होईना, तीही चकचकीत करून दिली. मिस्त्री पडद्याआडून सगळं ऐकत आणि काहीच ऐकलं नाही असं दाखवत.

एकदा शेजारची रत्ना लेकीच्या लग्नासाठी आजेसासूची नथ घेऊन आली. मोती पिवळे पडले होते.

"टाक बाई तुझ्या डब्यात," रत्ना म्हणाली. "पैंजणाला केलंस तसं."

"न्हाई मावशी. मोत्याला हे सोसत न्हाई. मोत्याची झळाळी जाईल आन आतली लाख सुटंल. मऊ ओल्या फडक्यानं हातानं पुसा, बास."

"अगं, टाकून तर बघ!"

"मी तुमचं काम सोडीन, पर नथ टाकणार न्हाई."

रत्ना कुरकुरत गेली. पडद्याआड मिस्त्रींच्या हातातली कानस थांबली होती. हाशिम मिस्त्रीही असेच गिऱ्हाईक परत पाठवायचे. नळी आतून झिजलेली दिसली की कितीही आर्जवं करा, ते हात लावायचे नाहीत. मिस्त्रींना वाटलं, बाहेर जाऊन पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा. पण त्यांनी कानस पुन्हा चालू केली. कौतुक तोंडावर करायचं नाही हा त्या घरचा जुना रोग.

भाद्रपदातल्या एका बुधवारी, दुपारचं ऊन पायरीवर आलं असताना, सगुणाबाई दुकानात आल्या. तोरण्याच्या पायथ्याशी त्यांची वाडी. तिथून चालत वेल्हे, वेल्ह्याहून एसटीनं नसरापूर, तिथं गाडी बदलून भोर, असा त्यांचा प्रवास झाला होता. खांद्यावर गोधडीत गुंडाळलेली लांब वस्तू आणि कमरेला पिशवीत परवान्याचं बुक. साठी उलटलेली बाई, पण एसटीत त्या वस्तूमुळं आख्खी सीट रिकामी मिळाली, हे त्यांनी पाणी प्यायच्या आधी सांगितलं.

"वैनी, एकल्याच आलात?" मिस्त्री पडदा सारून बाहेर आले. सगुणाबाईंचे मालक कुंडलिक त्यांचे जुने गिऱ्हाईक आणि जुने दोस्तही. ते जाऊन सहा वर्षं झाली होती.

"एकली कुठं? ही हाय की." सगुणाबाईंनी गोधडी सोडली. "मिस्त्री, हिचा नंबर दिसंना झालाय."

एकनळी, बारा बोरची, बाहेर घोडा असलेली जुनी बंदूक. भातावर रानडुकरं उतरतात म्हणून कुंडलिकच्या वडलांनी शेतराखणीसाठी घेतलेली. दस्त्याचं लाकूड हाताच्या घासणीनं मऊ झालेलं, नळी स्वच्छ. पण मधली लोखंडी पेटी, जिच्यात घोडा आणि चाप बसवलेला असतो, ती लोखंडाची आहे हे सांगावं लागलं असतं. तिच्यावर लाल-पिवळं-काळं कवच चढलं होतं. दर खंडेनवमीला कुंडलिक ती पाटावर मांडून तेलाचा हात देत, हळदीची बोटं ओढत आणि कुंकू लावत. गेल्या वर्षीचं न पुसता त्यावर ह्या वर्षीचं. पूजा झाली की बंदूक चुलीच्या वर खुंटीला जाई आणि धुरानं ते सगळं भाजून पक्कं होई. चाळीस दसरे असे एकावर एक बसले होते. नंबर त्याच्या तळाशी होता.

"परवाना नवा करायला गेले," सगुणाबाई सांगू लागल्या. "आधीचे साहेब नुसतं बुक बघायचे, ह्या साहेबांनी भिंग लावलं, टॉर्च लावली. म्हनले, आजी, बुकात नंबर हाय आन बंदुकीवर कुंकू हाय. कुंकू बघून सही कशी करू? सोमवारी नंबर दाखवा, न्हाईतर बंदूक ठाण्यात जमा करा."

"बरोबरच बोलले की ते."

"बरोबर हाय, म्हनून तर आले. चुकीचं बोलले असते तर तिथंच भांडले असते." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "पोरगा इंद्रजित म्हनतो, दे जमा करून, हाय काय त्यात, लोखंड हाय. त्यानं परवा पॉलिश पेपर मारायला घेतला व्हता. म्या हिसकून घेतली."

मिस्त्रींनी पेटी उजेडात धरली. एका कडेला पॉलिश पेपरनं लोखंड चांदीसारखं उघडं पडलं होतं. अजून दोन बोटं पुढं गेला असता तर इंद्रजितनं नंबरच पुसून टाकला असता. जुने नंबर उथळ ठोकलेले असतात. घासले की गेले.

"एक सांगू का मिस्त्री?" सगुणाबाई जरा खाली वाकल्या, जणू दुकानात आणखी कुणी होतं. "घर पोराच्या नावावर हाय. वावर दिरांच्यात सामाईक हाय. गॅसचं बुकसुदा ह्यांच्याच नावावर व्हतं. आख्ख्या जलमात सरकारनं माज्या नावावर येकच वस्तू केली, माजा फोटू लावून. ती ही. डुकरं काय, पत्र्याचा डबा वाजवूनबी पळत्यात. पर ही जायला नगं."

मिस्त्रींना एक जुना दिवस आठवत होता. ह्याच बाकासमोर कुंडलिकनं विचारलं होतं, "मिस्त्री, हे कुंकू काढून टाकू का?" आणि तेव्हा मिशीला पीळ भरत मिस्त्री म्हणाले होते, "राहू दे. तेल आन हळद हाय, त्यानं गंज लागत न्हाई." कुंडलिक आज्ञाधारक माणूस. मिस्त्रीनं सांगितलं म्हटल्यावर त्यानं कधी नखसुद्धा लावलं नाही.

"तुमीच सांगितलं व्हतं, काढू नका म्हनून," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मिस्त्रींना जास्त लागलं.

"मग म्याच काढून देतो," मिस्त्री म्हणाले. "आज तुमी हितंच राहा. बानो, वैनींचा भात टाक."

त्यांनी बंदूक खोलली. दस्ता वेगळा केला, नळी वेगळी केली, घोडा, चाप आणि स्प्रिंगा काढून पितळी ताटलीत मांडल्या. नेहमीप्रमाणे दाराकडं पाठ करून. बंदुकीचं पोट उघडलं की मिस्त्री कुणालाही जवळ येऊ देत नसत, सानियालाही नाही. लहानपणी तिला वाटायचं, अब्बा काहीतरी लपवतात. मोठेपणी तिनं विचारायचं सोडून दिलं.

पेटी आधी रॉकेलमध्ये बुडवली. दोन तासांनी काढली, तर रॉकेलला फक्त वास लागला होता. मग पितळी ब्रश. ब्रश त्या कवचावरून घसरत होता. मग गरम तेल, मग पुन्हा ब्रश. चहा झाला, दुसरा चहा झाला. शेवटी मिस्त्रींनी पातळ पात्याची खरवडणी काढली, भिंग डोळ्याला लावलं आणि जिथं नंबर असायला हवा तिथं टोक टेकवलं.

ह्या हातांनी त्यांनी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या होत्या. भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यात परवान्याच्या जेवढ्या बंदुका होत्या, त्यातल्या बहुतेक ह्या हातांखालून गेल्या होत्या. पण गेल्या दिवाळीपासून उजव्या हाताच्या अंगठ्यात एक थरथर येऊन बसली होती. तिची खबर त्यांनी बानोलाही दिलेली नव्हती. खरवडणी कवचात रुतली, सटकली आणि लोखंडावर एक बारीक पांढरी रेघ उमटली.

मिस्त्रींनी खरवडणी खाली ठेवली. रेघ नंबरावरून गेली की बाजूनं, हे कवचाखाली कळायला मार्ग नव्हता. अजून एकदा हात सटकला, तर नंबराच्या चार आकड्यांतला एक जाईल. मग ना साहेबाला वाचता येईल, ना कुणाला. इंद्रजितच्या पॉलिश पेपरला हसणारे मिस्त्री स्वतःच पॉलिश पेपर ठरतील.

पडद्याच्या फटीतून सानियानं ते पाहिलं होतं. ती तशीच चष्म्याच्या स्क्रूत डोकं घालून बसली.

रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. मग पडद्यामागून आवाज आला, जरा खाकरून:

"सानिया. तुझ्या डब्यात ही मावंल का?"

"मावंल," ती म्हणाली. हातातला स्क्रू तिनं वाटीत ठेवला, पण धावत गेली नाही. बापाचा मान तिलाही कळत होता.

"आधी हिच्यातलाच एक स्क्रू टाकून दाखव. लोखंडाचा रंग उडाला तर मला डबा दिसता कामा नये."

"रंग उडवणारं औषध मी घेतच न्हाई, अब्बा. हे नुसतं साबणासारखं हाय. आन लाकूड आत जाणार न्हाई, ते तुमी आधीच काढलंय."

तिनं टाकीत कोमट पाणी भरलं, औषधाचे थेंब सोडले आणि आत काही न ठेवता टाकी पाच मिनिटं चालू ठेवली. "पाण्यातली हवा आधी निघून जाऊ द्यायची," ती म्हणाली. मग चांदीच्या कागदासारख्या पातळ पत्र्याचा तुकडा पाण्यात धरला. अर्ध्या मिनिटात त्यावर बारीक टोचे पडले. "हे पडले म्हणजे टाकी नीट चाललीय." मिस्त्री भिंग लावून तो तुकडा उलटसुलट बघत राहिले. सामान ठोकून, वाजवून मगच कामाला घ्यायचं, हे त्यांनी तिला कधी शिकवलं नव्हतं. तिनं ते नुसतं बघून उचललं होतं.

स्क्रू स्वच्छ निघाला, रंगही शाबूत राहिला. मग पेटी. तिनं ती तळाला टेकू दिली नाही, जाळीत अधांतरी ठेवली, झाकण लावलं आणि बटण दाबलं. रातकिडे किर्रर्र करू लागले. सगुणाबाई स्टूल ओढून टाकीजवळ बसल्या, डोहाळजेवणाला बसतात तशा.

आठ मिनिटांनी सानियानं झाकण उचललं. पेटीच्या अंगातून धुरासारखे लोट निघत होते. आधी काजळी निघाली. मग पाणी तांबडं होत गेलं, मग केशरी. तिनं पाणी बदललं, पुन्हा चालू केलं. दुसऱ्या पाण्याला हळदीचा रंग आला. कवच फुगून पापुद्रे सुटत होते, एकाखाली एक.

"ते पाणी टाकू नगा," सगुणाबाई एकदम म्हणाल्या. सानियाच्या हातात बादली होती. "ते ह्यांच्या हातचं कुंकू हाय."

सानियानं बादली खाली ठेवली. सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची बोटं त्या बादलीत होती. सगुणाबाईंचे डोळे भरले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"बाटलीत भरून देते मावशी," सानिया हळू म्हणाली. "पर तुळशीला घालू नका हां, साबण हाय त्यात. भाताच्या बांधावर घाला, जिथं काका राखणीला बसायचे तिथं."

तिसऱ्या पाण्यानंतर तिनं पेटी बाहेर काढली, साध्या पाण्यात विसळली आणि फडक्यावर ठेवली. ती आता लोखंडाचीच होती, करड्या रंगाची, कोरी. केस वाळवायचं मशीन घ्यायला सानिया वळली, आणि तेवढ्यात मिस्त्री ओरडले.

"हात बाजूला!"

पेटीच्या कडेला तांबूस सावली धरू लागली होती. डब्यानं मळाबरोबर तेलाचा शेवटचा अंशही काढून घेतला होता. भादव्याच्या ओल्या हवेत असं उघडं लोखंड डोळ्यांदेखत गंजतं. सानियाचा चेहरा उतरला. चष्मे आणि पैंजणं कधी अशी वागली नव्हती. पण मिस्त्री तेलाची बुधली घेऊन आधीच उभे होते. पहिलं पाणी लाल झालं तेव्हाच त्यांनी ती फडताळातून काढून ठेवली होती. गरम हवेचा झोत तिनं धरला, मागोमाग त्यांची बोटं फिरली. कोपऱ्यात, खाचेत, भोकात. अंगठा थरथरत होता आणि त्यानं काही बिघडत नव्हतं, उलट तेल जास्त पसरत होतं. सावली निघून गेली.

"हे तुला कुणी सांगितलं न्हाई," मिस्त्री म्हणाले. "कारण म्या सांगितलं न्हाई. चूक माझी."

"आता सांगितलं की," सानिया म्हणाली.

तिनं भिंग डोळ्याला लावलं. मिस्त्रींनी तिचा हात धरून थांबवलं. "थांब. आधी वैनींना."

सगुणाबाईंना इंग्रजी आकडे वाचता येत नव्हते. पण त्यांनी पेटी हातात घेतली, डाव्या अंगाला बोट लावलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, "चार, येक, सात, दोन. ह्यांनी पाठच करून घेतला व्हता माज्याकडून. बैलांची नावं इसरन, पर ह्यो न्हाई. आता तू वाच पोरी."

सानियानं उजेड तिरका धरला. "चार," ती म्हणाली. "एक. सात." मग ती थांबली, आणि मिस्त्री पुढं वाकले. खरवडणीची रेघ तिथंच होती. "दोन. रेघ बाजूनं गेलीय, अब्बा. नंबर धडधाकट हाय. कालच ठोकल्यासारखा."

खरंच तसा होता. चाळीस वर्षं तेल-हळदीखाली झाकून राहिलेला नंबर जराही झिजला नव्हता, त्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता. मिस्त्रींच्या मानेला पुन्हा ताठा आला. "बघा वैनी! म्या काय सांगितलं व्हतं कुंडलिकला? त्यानं गंज लागत न्हाई!"

"अर्धंच सांगितलं व्हतं," सगुणाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "नंबरबी दिसत न्हाई, हे सांगायचं ऱ्हायलं व्हतं."

तिघंही हसले. बानोही दारात येऊन हसली. आतल्या भाताला करपल्याचा वास येत होता, पण कुणाला त्याची पर्वा नव्हती.

"यापुढं कुंकू दस्त्याला लावा," मिस्त्री म्हणाले. "लोखंडाला नुसतं तेल."

सानिया अजून भिंग लावूनच होती. तिनं पेटी उलटी करून आतल्या बाजूला उजेड धरला. जुनं काळं वंगण निघून गेलं होतं आणि तिथं, घोड्याच्या खोबणीच्या वर, काहीतरी चमकत होतं.

"अब्बा, हे ठिपके कसले?"

मिस्त्री बाकावर बसले. दाराकडं पाठ करून बसण्याची सगळी वर्षं त्या एका प्रश्नात उघडी पडली होती.

"एकटा ठिपका हाय तो तुझ्या दादाजानचा," ते म्हणाले. "बंदूक हातून नीट झाली, की आतून ठोकायचा. बाहेर नाव घालायचं न्हाई. गिऱ्हाइकाला सांगायचं न्हाई. पुढं जो मिस्त्री उघडंल त्याला कळावं, आधी कोण येऊन गेलं. शेजारची जोडी माझी. ह्याच बंदुकीवर मला पहिल्यांदा ठोकू दिले अब्बाजाननी. ज्याला काम द्यायचं त्यालाच हे सांगायचं, असं ते म्हनायचे."

"मग मला का न्हाई कधी सांगितलं?"

मिस्त्रींनी उत्तर शोधलं. मुलगी आहेस म्हणून, असं उत्तर होतं, आणि ते तोंडातून काढायची त्यांना लाज वाटली. लोक सांगायचे, अल्लाउद्दीननंतर दुकान संपलं, आणि तेही मान डोलवायचे. पडद्याच्या अलीकडं चार हातांवर लेक बसली होती आणि त्यांना ती दिसली नव्हती. त्यांना स्वतःचा राग आला, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा अभिमान वाटला. तो आता मिशीत दाबण्यासारखा नव्हता.

"म्या आंधळा व्हतो म्हनून," ते म्हणाले.

त्यांनी फडताळातून एक कापडी पुरचुंडी काढली. आत बोटाएवढा पोलादी पंच होता. वरचं डोकं ठोकून ठोकून फुलासारखं पसरलेलं. हाशिम मिस्त्रींचा. त्यांनी तो सानियाच्या हातात दिला आणि हातोडी तिच्यापुढं सरकवली.

"तीन," ते म्हणाले. "सरळ रेघेत. एका ठिपक्याला एकच घाव."

सानियाचा हात थरथरला नाही. टक्, टक्, टक्. ठोकून झाल्यावर सगुणाबाईंनी पोरीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

सोमवारी दुपारी मिस्त्रींच्या मोबाईलवर वेल्ह्याहून फोन आला. सगुणाबाई बोलत नव्हत्या, ओरडत होत्या. सानियानं फोन लांब धरला तरी सगळ्या दुकानात ऐकू जात होतं.

"झालं गं पोरी! सायबांनी नंबर वाचला, बुकाशी लावला, शिक्का मारला. म्हनले, आजी, कुंकू कुठं गेलं? म्या म्हनलं, बांधावर गेलं. म्हनले, काम कुनी केलं येवढं झकास? म्या म्हनलं, भोरच्या सानिया मिस्त्रीनं. त्यांनी वहीत नाव लिहून घेतलंय. अजून दोघातिघांचे नंबर असेच बुजल्यात म्हनं!"

फोन बंद झाला. सानिया टाकी पुसायला लागली. तिचे कान लाल झाले होते.

मिस्त्रींनी त्या दिवशी एक काम केलं. बाकावरची आपली भिंगं, ताटली आणि तेलाची बुधली तशीच ठेवून, स्वतःचं स्टूल तेवढं उचललं आणि पडद्याच्या अलीकडं, घड्याळांच्या कपाटाशी आणून मांडलं. टाकी उचलून पलीकडं, पक्कडीशेजारी ठेवली. सानिया बघत राहिली. "जा," ते म्हणाले, "तिथं उजेड बरा हाय." मग चष्मा काढून, कुणी न सांगता, त्यांनी तो स्वतः पुसला.

तासाभरानं पायरीवर एक माणूस आला. ओळखीचा नव्हता. खांद्यावर कापडात गुंडाळलेली बंदूक, हातात परवान्याचं बुक. पांढऱ्या मिशांचे, चष्मा लावलेले मिस्त्री समोरच बसलेले बघूनही त्यानं सवयीनं विचारलं:

"मिस्त्री हायत का?"

अल्लाउद्दीन मिस्त्री स्टुलावरून उठले. त्यांनी दोन्ही हातांनी निळा पडदा बाजूला सारून धरला.

"हायत की," ते म्हणाले. "या, आत या. त्या काय, कामाला बसल्यात."